मालन नावाचा क्लास

आधीच सांगून ठेवते, हे मी तटस्थपणे लिहिणार नाही. आप्पांची बाजू ज्यांना ऐकायची असेल त्यांना ती रत्नागिरीत कुणीही सांगेल. चांगलं बोलणारी माणसं त्यांनी पुष्कळ जमवली होती. मी समरीन, हर्ण्याची. २००५ ते २००७ अशी दोन वर्षं मी आप्पांच्या ऑफिसात वेबसाइटची पानं सजवायचं काम केलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला जिन्याखाली बसून डबा खायला लावला, कारण त्यात सुका बांगडा होता. माझा राग तिथून सुरू होतो. पण ही गोष्ट माझी नाही. ती अमरदीपची आहे आणि त्याच्या आईची.

आप्पांचं ऑफिस मारुती मंदिराजवळ, दुसऱ्या मजल्यावर. नाव 'सागरतारा'. अठ्ठ्याऐंशी साली तिथे टायपिंगचे क्लास होते. मग एसटीडी बूथ आला. अठ्ठ्याण्णव साली चार कॉम्प्युटर आले. पुढे आंबा बागायतदारांना आणि किनाऱ्यावर खोल्या देणाऱ्यांना वेबसाइट लागतात हे कळल्यावर आप्पा वेबसाइटवाले झाले. यातलं एकही काम त्यांना स्वतःला येत नव्हतं. टायपिंगसुद्धा दोन बोटांनी. पण येत नाही असं ते कधी म्हणाले नाहीत. हाताखालच्या माणसाला काही विचारणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. कुणी नवा शब्द उच्चारला की डोळे अर्धे मिटून ते 'हं, तेच ते' म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी तोच शब्द गिऱ्हाइकाला शिकवायचे.

अमरदीपची आई तिथे टायपिंगच्या दिवसांपासून केरफरशी करायची. तिचा नवरा सहदेव अलोऱ्याला, कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत कारकून होता. तो तापाने गेला तेव्हा अमरदीप तीन वर्षांचा होता. क्वार्टर सोडावं लागलं आणि ती रत्नागिरीजवळ माहेरच्या बौद्धवाडीत राहायला आली. तिचा चहाचा स्टीलचा पेला वेगळा. तो बाथरूमच्या खिडकीत पालथा पडलेला असायचा. याबद्दल कुणी कधी बोलत नसे. आप्पा तर स्वतःला सुधारक समजत, कारण त्यांनी तिला कामाला ठेवली होती. ते तिला 'बाई' म्हणत, म्हणून सगळेच बाई म्हणत. मी मावशी म्हणायचे.

डिप्लोमा झाल्यावर अमरदीप त्याच ऑफिसात लागला. मावशी नको म्हणत होती, पण कोड लिहायचं काम तेव्हा रत्नागिरीत आणखी कुठे मिळणार होतं? गिऱ्हाईक आलं की आप्पा त्याला पुढे बोलवत आणि सांगत, हा आमच्या बाईचा मुलगा, बघा काय हुशार निघाला. 'निघाला' म्हणताना ते स्वतःच्या छातीकडे हात न्यायचे. अमरदीप मान खाली घालून उभा राहायचा. मला वाटायचं, हा इतका मवाळ कसा? माझा अंदाज साफ चुकीचा होता.

आता थोडं कामाचं. वेबसाइटला वरून जोडायचा एक तुकडा असतो, त्याला प्लगिन म्हणतात. आमचं बुकिंगचं प्लगिन आप्पांच्या भाच्याने लिहिलं होतं आणि मग तो पुण्याला पळाला. एकच फाइल, तेवीसशे ओळी, आणि प्रत्येक गिऱ्हाइकासाठी तिची नवी नक्कल. एका ठिकाणी दुरुस्त करावं तर दुसऱ्या ठिकाणी मोडायचं. वेळणेश्वरच्या एका लॉजच्या साइटवर खोली मागणाऱ्या माणसाला 'किती डझनी पेटी हवी?' असा प्रश्न यायचा. लॉजमालकाचा फोन आला की आप्पा रिसीव्हर सरळ अमरदीपच्या हातात द्यायचे.

अमरदीपने ते सगळं मोडून नव्याने मांडायला घेतलं. टायपिंगच्या दिवसांतले पिवळे पडलेले कोरे कागद होते, त्यांवर तो चौकोन काढायचा. मला कोडातलं काही कळत नाही, पण त्याने समजावलं ते कळलं. आंब्याची पेटी, राहायची खोली आणि डॉल्फिन बघायला जाणारी होडी, या तिघांत सारखं काय आहे? तिघांना माणसाचं नाव लागतं, फोन लागतो, तारीख लागते. शिल्लक आहे का ते बघावं लागतं, नोंद करावी लागते, निरोप पाठवावा लागतो. तर जे सारखं आहे ते एकदाच लिहायचं, एका मूळ क्लासमध्ये, म्हणजे कोडातल्या साच्यात. पेटी, खोली, होडी हे त्या मूळ क्लासवरून निघालेले क्लास. त्यांनी फक्त आपलं वेगळेपण सांगायचं. पेटीने किती डझनी ते, खोलीने किती दिवस ते, होडीने भरती-ओहोटी. मूळ क्लास गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही, पण तो नसला तर बाकीच्यांपैकी एकही उभा राहत नाही.

पहिल्या फाइलच्या डोक्यावर त्याने लेखक म्हणून आपलं नाव घातलं होतं. आप्पांनी ते माझ्याकडून खोडून घेतलं आणि स्वतःचं टाकायला लावलं. मी टाकलं. त्याची मला अजून लाज वाटते.

मग २००६ चा दसरा आला. त्या वर्षी धम्मदीक्षेला पन्नास वर्षं होत होती. वाडीतल्या विहारात मोठा कार्यक्रम होता आणि सकाळच्या वंदनेला मावशी पुढच्या रांगेत बसणार होती. वर्षातून ती एवढीच एक सुट्टी मागायची, या वेळी तर महिनाभर आधी मागितली होती. आप्पांनी आदल्या दिवशी सांगितलं, उद्या कॉम्प्युटरची पूजा आहे, फरशी सकाळीच व्हायला हवी. ती आली. फरशी पुसली. मग आप्पा म्हणाले, बाई, आता पूजा होईपर्यंत बाहेर थांब, पाय टाकू नको, नुकतं पुसलंय, आणि पूजेनंतर परत एकदा केर काढून जा.

दीड तास ती जिन्यात बादली घेऊन उभी होती. आत सात मॉनिटरना झेंडूचे हार, माउसला हळदकुंकू, आणि आप्पा सोवळं नेसून कीबोर्डवर अक्षता टाकतायत. खालच्या रस्त्यावरून निळे झेंडे लावलेला टेम्पो गेला. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका होत्या त्यात, तिच्याच वाडीतल्या. घोषणा वरपर्यंत ऐकू आल्या. मावशीने खाली वाकून पाहिलं नाही आणि हातातली बादलीही खाली ठेवली नाही. आप्पांनी पुढे केलेला पेढा न घेता अमरदीप बाहेर आला आणि तिच्या शेजारी उभा राहिला. आप्पा आतून हसून म्हणाले, लाजतोय मुलगा.

दुसऱ्या दिवशी अमरदीपने मूळ क्लासचं नाव बदललं. आधी ते 'बुकिंग' असं काहीतरी साधं होतं. त्याने 'मालन' केलं. मालन हे त्याच्या आईचं नाव.

त्याने मला स्क्रीन दाखवला तेव्हा त्याचा चेहरा मी पहिल्यांदा नीट पाहिला. मवाळ वगैरे काही नव्हता तो. आता पेटीचा क्लास लिहायचा तर पहिल्याच ओळीत 'पेटी, मालनवरून निघालेली' असं लिहावंच लागणार होतं. खोलीचं तसंच, होडीचं तसंच. ज्याला म्हणून ही फाइल उघडायची आहे त्याला आधी हे नाव वाचावं लागणार होतं. आणि आप्पांनी कधी रागाने ते खोडायला लावलं तर त्यांच्या सगळ्या साइट एका क्षणात बंद पडणार होत्या. तो म्हणाला, "माझं नाव काढता आलं त्यांना. हे काढून दाखवावं."

मी विचारलं, पण ओळखलं तर? तो म्हणाला, ओळखणार कसं? त्याच्या अर्जावर अमरदीप सहदेव असं बापाचं नाव होतं. आईचं नाव कुठे लिहायला लागतं? आणि अठरा वर्षं समोर वावरणाऱ्या बाईचं नाव काय, हे आप्पांनी कधी विचारलेलं नव्हतं. मला ते खरं वाटेना. मी हजेरीचं मस्टर काढून पाहिलं. तिच्या ओळीत 'बाई' लिहिलं होतं.

डिसेंबरात एक दिवस आप्पा अमरदीपच्या पाठीमागे येऊन उभे राहिले. स्क्रीनवर वाकले, ओठ हलवत वाचलं आणि म्हणाले, "मालन. हं, तेच ते." दुसऱ्या दिवशी ते फोनवर एका बागायतदाराला सांगत होते की आमचं बुकिंग आता मालनवर चालतं, बाहेरची टेक्नॉलॉजी आहे, पुण्यातसुद्धा अजून फारशी कुणाकडे नाही. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पोट दुखेपर्यंत हसले. आठवडाभरात ते मालनचे फायदे सांगू लागले. मालन कधी थकत नाही. मालन सगळ्यांचं निस्तरते. मालन असल्यावर तुम्हाला बघायला नको. मावशी तेव्हा त्यांच्या टेबलाखालचा केर काढत असायची आणि हे दुसऱ्याच कुणा मालनबद्दलचं फोनवरचं बोलणं म्हणून कानाआड करायची.

आंब्याचा मोसम सुरू व्हायच्या आधी, फेब्रुवारीत, आप्पांनी गिऱ्हाइकांचा मेळावा ठरवला. एक छोटा हॉल, चाळीस खुर्च्या, प्रोजेक्टर आणि आप्पांच्या फोटोचा भला मोठा फ्लेक्स. फ्लेक्स मीच केला. 'आता बुकिंग मालनवर' ही ओळ मी फूटभर उंचीच्या अक्षरांत घातली. इतकं मन लावून मी त्या ऑफिसात दुसरं काही केलं नाही.

गुरुवारी फ्लेक्स छापून आला आणि ऑफिसच्या फरशीवर पसरला गेला. आप्पा बाहेर होते. मावशी फडकं घेऊन आली आणि थांबली. ती चौथी शिकलेली, वाचता येत होतं. एकदा वाचलं, मग परत वाचलं. मग मुलाला म्हणाली, बाहेर ये. मीही मागोमाग जिन्यात गेले; मला वाटलं, आता ती हसेल.

अमरदीपने तिला सगळं सांगितलं, अगदी अभिमानाने. मूळ क्लास, त्यावरून निघालेले क्लास, आप्पा फोनवर काय काय बोलतात ते. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, "माजा नाव त्याला द्यायला तुला कुनी सांगितला व्हता?"

दिलं नाही, त्यांना अडकवलंय, असं तो म्हणू लागला. तिने हात वर करून त्याला थांबवलं.

"पैल्या दिवशी मी नाव सांगाया तोंड उघडला, तर बोललान, नाव राऊ दे, बाई बोलला की झाला. तेवाच ठरवला मी. ह्यानं कदी इचारलान तरी सांगायचा नाय. अठरा वर्षां जपला. दुसरा काय व्हता माज्याकडं? नि तू त्याला फूटभर अक्षरांत दिलास."

अमरदीपचा चेहरा उतरला. माझाही उतरला असणार. आम्ही दोघं चार महिने तिच्या वतीने सूड घेत होतो आणि तिचा स्वतःचा सूड अठरा वर्षांपासून चालू होता, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. एका माणसाला आपलं नाव मिळू द्यायचं नाही. रोज त्याची फरशी पुसायची, त्याचे उष्टे कप विसळायचे, आणि नाव मिळू द्यायचं नाही. मला तिच्यापुढे फार लहान वाटलं.

"काड ता," ती म्हणाली.

नुसतं काढता येत नाही, अमरदीपने सांगितलं. मूळ क्लासला काहीतरी नाव लागतंच, नाहीतर सगळं कोसळेल. तिने फडकं खांद्यावर टाकलं.

"मग बाई घाल. त्याला तेवडाच येता."

आणि फ्लेक्स? मी विचारलं. तो बदलायचा तर आप्पांना सांगावं लागेल. ती पहिल्यांदा हसली, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं. म्हणाली, फलक राहू दे, बोलू दे त्याला, मग शोधू दे.

शुक्रवार आणि शनिवार आम्ही दोघं त्याच कामाला लागलो. नीट मांडलेलं असल्यामुळे बदलायच्या जागा मोजक्या होत्या: प्रत्येक क्लासची पहिली ओळ आणि मूळ फाइलचं नाव. अमरदीपने एकेक ओळ हाताने बदलली. मी एकेक साइट उघडून पेटी मागवून बघत होते, खोली मागवून बघत होते. एकही मोडली नाही. शनिवारी दुपारी त्या प्लगिनमध्ये मालन कुठेही उरली नव्हती.

रविवारचा मेळावा सुरुवातीला झकास झाला. माणसं आली, प्रोजेक्टर लागला, पेटीचं बुकिंग सगळ्यांच्या देखत झालं. मावशी हॉलमध्ये रिकामे कप गोळा करत होती. भरलेले कप द्यायला आप्पांनी दुसरं माणूस आणलं होतं. मग आप्पा माइकवर आले आणि फ्लेक्सकडे हात करून मालनवर बोलू लागले. दहा मिनिटं बोलले. पुढच्याच रांगेत हर्ण्याचे फारुकभाई होते. पंचवीस वर्षं कुवेतला नोकरी करून परत आलेला माणूस, आता किनाऱ्यावर चार खोल्या चालवतो. त्यांनी हात वर करून सांगितलं की त्यांचा जावई कॉम्प्युटरवाला आहे, तो विचारेल, तर ही मालन काय आहे ते जरा दाखवा. आप्पा मोठ्या थाटात म्हणाले, "दाखव रे, अमरदीप."

अमरदीपने फाइली उघडल्या. चष्मा वर करून फारुकभाई मोठ्याने वाचू लागले. पेटी बाईवरून निघालेली, खोली बाईवरून निघालेली, होडी बाईवरून निघालेली. म्हणाले, इथे तर सगळीकडे बाई आहे, यात मालन कुठे आहे?

आप्पा स्क्रीनकडे बघत राहिले. डोळे अर्धे मिटून काही उपयोग नव्हता, चाळीस माणसं बघत होती. शेवटी त्यांना विचारावंच लागलं.

"मालन कुठे गेली?"

"काढली, आप्पा. ते एका बाईमाणसाचं नाव होतं. तिने काढायला सांगितलं."

"तिने? ही मालन आहे तरी कोण?" माइक चालूच होता.

अमरदीपने आईकडे पाहिलं, मग मी पाहिलं, मग फारुकभाईंनी, मग सगळ्यांनी. मावशी हातात ट्रे घेऊन मधल्या वाटेत उभी होती. अठरा वर्षांत आप्पांनी पहिल्यांदा तिचं नाव विचारलं होतं, तेही तिला विचारतोय हे न कळता. ती पुढे आली, उष्ट्या कपांचा ट्रे आप्पांच्या समोरच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "माला म्हायत हाय कोन ती. पन तुमाला सांगायची नाय."

आणि ती निघाली. फारुकभाई उठून उभे राहिले, त्यांचं बघून आणखी काही माणसं उभी राहिली. अमरदीप खुर्चीवरून उठला आणि तिच्या मागोमाग गेला. हॉलमधल्या प्रत्येकाला कळलं होतं. आप्पांना तेवढं कळलं नाही. त्यासाठी आधी बाईला नाव असतं हे सुचावं लागतं. ते माइकवरच शेजारच्याला म्हणाले, "हिला मध्येच काय झालं?"

दोघंही पुन्हा त्या ऑफिसात आले नाहीत. प्लगिन मात्र चालत राहिलं. अमरदीपने त्यात कुठे खोट ठेवली नव्हती, ते त्याला जमलंच नसतं. तो चिपळूणला गेला आणि आता तिथे स्वतःचं काम करतो, फारुकभाईंची साइटही त्याच्याकडेच आहे. मी महिनाभर टिकले. त्या महिन्यात आप्पांनी मला चार वेळा विचारलं की मालन कोण, तुला ठाऊक असेल. मी चारही वेळा नाही म्हटलं, आणि प्रत्येक वेळी ते म्हणताना मला बरं वाटलं. पुढे दापोलीच्या स्टँडवर एकदा भेटले. थकलेले होते, काठी घेतली होती. कशी आहेस वगैरे काही नाही, पहिला प्रश्न तोच. माझी एसटी लागली आहे असं सांगून मी गाडीत चढले. खरं तर गाडी सुटायला वीस मिनिटं होती.

यंदा पावसाळ्यानंतर आप्पा गेले. बातमी सांगायला मी मुद्दाम वाडीवर गेले. मावशी अंगणात उकडे तांदूळ वाळत घालत होती. ऐकलं, हात थांबला नाही.

"माजा नाव कलला काय त्याला?"

"नाही," मी म्हटलं. "शेवटपर्यंत नाही."

तिने तांदळावरून हात फिरवत कडेपर्यंत नेला. मग म्हणाली, "मग आता लिव तू."